गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आणि तुझी गाडी

सांगली

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा कराराचा मसुदा दोन्ही मी सावकाश वाचले. मालवाहतूक कंपनीने कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांसाठी, तसेच मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी नवी विक्री योजना आणली आहे. वर्षभर एकच दर, मागणी नोंदवल्यापासून चोवीस तासांत दारात गाडी आणि साठ दिवसांची उधारी असे तिचे स्वरूप आहे आणि हे पार पाडण्यासाठी तुझ्यासारख्या एकट्या गाडीमालकांच्या गाड्या कंपनी लावून घेत आहे. तू विचारतोस, गाडी लावावी की नाही. त्याचे उत्तर मी आज देऊ शकत नाही, कारण ज्या पानांवर ते आहे तीच पाने तुला मिळालेली नाहीत. मसुद्यात तीन ठिकाणी ‘परिशिष्टातील ग्राहकसेवेच्या अटींनुसार’ असे शब्द आले आहेत आणि ते परिशिष्ट मात्र जोडलेले नाही.

मी आधी वीस वर्षे स्वतःच्या गाड्या चालवल्या आणि नंतर बुकिंग ऑफिसात बसलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. विक्री खात्यातला माणूस गिऱ्हाइकासमोर बसून दर कमी करतो, थांबण्याचे पैसे माफ करतो, उधारी वाढवतो. त्याचे काम ऑर्डर मिळवणे आहे आणि ते तो प्रामाणिकपणे करतो. मात्र त्याने सोडलेला प्रत्येक रुपया कंपनी स्वतःच्या कमिशनमधून सोडते असे मी क्वचितच पाहिले. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे भाडे खाली आले की दुसऱ्याच दिवशी गाडीमालकाला द्यायच्या भाड्याचा आकडा खाली यायचा. कंपनीने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द रस्त्यावर तुझी गाडी पाळणार आहे, म्हणून तो शब्द नेमका काय आहे हे तू तुझ्या दराच्याही आधी वाचायला हवे.

सर्वांत मोठा प्रश्न हंगामाचा आहे आणि त्याचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही याचे मला आश्चर्य वाटले. आपल्या भागात गाडीचे वर्ष सपाट नसते. हिवाळ्यात साखर कारखाने चालू असतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी यार्डात हळदीची आवक वाढते, तासगाव-कवठेमहांकाळकडचा बेदाणा त्याच सुमारास बाहेर पडतो आणि त्या तीन-चार महिन्यांत खुल्या बाजारात गाडीला चढे भाडे मिळते. मग पाऊस लागतो, माल कमी होतो, गाड्या नाक्यावर उभ्या राहतात आणि दलाल सांगेल ते भाडे घ्यावे लागते. एकट्या गाडीमालकाचा संसार हंगामातल्या कमाईवर पावसाळा काढून चालतो. आता वर्षभर एकच दर याचा अर्थ असा की हंगामात तुला मिळू शकणारे जादा भाडे तू आधीच सोडून दिले आहेस. त्याच्या बदल्यात पावसाळ्यात कंपनीने तुला काम दिले पाहिजे आणि ते ‘शक्यतो’ या शब्दाने नव्हे. मसुद्यात ‘उपलब्धतेनुसार फेऱ्या देण्याचा प्रयत्न केला जाईल’ असे लिहिले आहे. या वाक्याने कंपनीवर कसलेही बंधन येत नाही. त्याजागी दरमहा किमान इतके किलोमीटर, आणि तेवढे न दिल्यास फरकाचे पैसे, असे आकड्यांत लिहून घे. हंगाम त्यांनी न्यायचा आणि पावसाळा तू सोसायचा, असा व्यवहार मान्य करू नकोस.

दुसरी गोष्ट थांबण्याची. गिऱ्हाइकाला गाडी भरायला आणि उतरवायला किती तास मोफत दिले आहेत, हे त्या परिशिष्टात असणार. विक्रीच्या माणसाने ते चोवीस तास धरले असतील, तर कारखान्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या तुझ्या गाडीचा तो दिवस फुकट गेला. समज, तुझा हप्ता, विमा, कर आणि ड्रायव्हरचा पगार मिळून महिन्याला ७५,००० रुपये होतात, म्हणजे गाडी उभी असो वा चालती, रोजचे २,५०० रुपये जातात. महिन्यात असे चार दिवस फाटकावर गेले तर १०,००० रुपये गेले आणि त्या दिवसांत हुकलेल्या फेऱ्यांचे भाडे वेगळे. म्हणून थांबण्याचे तास गाडी फाटकावर पोहोचल्याच्या नोंदीपासून मोजले जावेत, मालाची पावती तयार झाल्यापासून नव्हे, आणि मोफत तासांनंतरचा दर तुझ्या करारात वेगळा लिहिलेला असावा. गिऱ्हाइकाला कंपनीने तो माफ केला तरी तुझा माफ होता कामा नये.

दर किलोमीटरवर आहे हे ऐकून तुला बरे वाटले असे तू लिहितोस. तो भरल्या गाडीच्याच किलोमीटरवर आहे, हे पुन्हा एकदा वाच. समज, दर ४० रुपये आहे, तू कुपवाडहून माल भरून ४०० किलोमीटर गेलास आणि पुढचा माल उचलण्यासाठी रिकामी गाडी १५० किलोमीटर नेलीस. हातात १६,००० रुपये आले खरे, पण गाडी ५५० किलोमीटर धावली, म्हणजे दर पडला एकोणतीस रुपयांच्या आसपास. परतीचा माल कंपनी कुठून देणार आणि रिकाम्या अंतराचे काय, याचा निकाल लागल्याशिवाय ४० हा आकडा निरर्थक आहे. डिझेलचेही तसेच. लिटरमागे चार किलोमीटर देणारी गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर धावली तर २,००० लिटर लागते. लिटरला तीन रुपये वाढले तर महिन्याला ६,००० रुपये तुझ्या खिशातून जातात. डिझेलचा आजचा भाव करारात आधार म्हणून लिहावा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की दर आपोआप बदलावा, असे कलम मोठ्या गिऱ्हाइकांच्या करारांत अनेकदा असते. गिऱ्हाइकाकडून वाढ घ्यायची आणि गाडीमालकाला जुनाच दर द्यायचा, हे होऊ शकते. ते होणार नाही एवढे बघ.

आता पैशांबद्दल. हे लिहिताना मला जरा जड जाते, कारण याच ठिकाणी मी फसलो होतो. २००८ साली माझ्या दोन गाड्या एका कंपनीकडे लावलेल्या होत्या आणि गिऱ्हाइकाचे पैसे आले की तुमचे देऊ, या तोंडी आश्वासनावर मी तीन महिने धावलो. डिझेल रोखीने, टायर उधारीवर आणि हप्ता दर महिन्याच्या तारखेला. चौथ्या महिन्यात एक गाडी विकून मी दुसरी वाचवली. अडकलेल्या भाड्यातला काही भाग दोन वर्षांनी मिळाला, उरलेला कधीच नाही. माझ्याकडे पोहोचीच्या सह्या होत्या, पण पैसे कधी द्यायचे याचा एक ओळीचाही कागद नव्हता.

तुझ्या बाबतीत २,००० लिटर डिझेल आणि भाव नव्वद रुपये धरला, तर दोन महिन्यांच्या डिझेललाच ३,६०,००० रुपये रोख लागतात. गिऱ्हाइकाला दिलेली साठ दिवसांची उधारी तू उचलायची ठरवलीस, तर एवढी रक्कम तू कंपनीच्या गिऱ्हाइकाला बिनव्याजी देत आहेस. त्याऐवजी करारावर सही करण्यापूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने नोंदणी असलेल्या अशा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. कंपनीला गिऱ्हाइकाकडून पैसे येवोत वा न येवोत, तुझी मुदत वेगळी चालते. भाड्यातला मोठा हिस्सा माल भरतानाच आगाऊ आणि बाकी पोहोच दिल्यापासून ठरावीक दिवसांत, एवढे तरी लिहून घेच. टीडीएसचे, म्हणजे भाडे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचे, मात्र सोपे आहे. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसे लेखी कळवले की तो कापला जात नाही.

नुकसानीचे कलम मी लाल शाईने खुणावले आहे. मालाची घट, भिजणे, चोरी यांची ‘संपूर्ण किंमत’ गाडीमालकाकडून वसूल होईल, असे त्यात आहे. हळदीचे पोते पावसात भिजले तर त्या मालाची किंमत तुझ्या अनेक फेऱ्यांच्या भाड्याहून जास्त असते. रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७ चा केंद्रीय कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे आणि त्याखालच्या नियमांनुसार गिऱ्हाइकाने मालाची जास्त किंमत जाहीर करून त्याचे जादा पैसे भरले नसतील, तर कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणजे मसुदा आहे तसा राहिला तर कंपनी गिऱ्हाइकाला दहापट देऊन मोकळी होईल आणि तुझ्याकडून संपूर्ण किंमत मागू शकेल. कंपनीने प्रत्यक्ष भरलेल्या रकमेपेक्षा जास्त वसुली नाही, आणि तीही तुझी किंवा ड्रायव्हरची चूक सिद्ध झाल्यावरच, अशी दुरुस्ती माग. तुझ्या गाडीच्या विम्यात आत भरलेला माल येत नाही हेही ध्यानात ठेव. त्यासाठी वाहतूकदाराच्या दायित्वाचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता कोणी भरायचा ते आत्ताच ठरव.

वजनाबद्दल थोडक्यात लिहितो. आरसी पुस्तकात लिहिलेल्या वजनापलीकडे एक पोतेही घेऊ नकोस, विक्रीच्या माणसाने गिऱ्हाइकाला कितीही टनांचा शब्द दिला असला तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. गाडीतले वजन काट्यावर करून पावती ठेव. वेळेच्या शब्दालाही हेच लागू आहे. खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या किंवा मुंबईत अवजड वाहनांच्या बंदीची वेळ लागली, तर उशिराचा दंड तुझ्यावर येऊ नये. तो दंड चुकवण्यासाठी ड्रायव्हर रात्रभर जागून गाडी हाणतो आणि कराराचा हा परिणाम मला सर्वांत जास्त भिववतो. तुझ्या वडिलांबरोबर मी बारा वर्षे रस्त्यावर काढली आहेत, म्हणून हे तुला स्पष्ट सांगतो.

योजनेत चांगले काहीच नाही असे मला म्हणायचे नाही. दलालाच्या दारात दिवस न घालवता माल मिळणे, ठरलेल्या फाटकांवर ओळख होणे, बँकेला दाखवण्यासाठी नियमित उत्पन्नाचे कागद तयार होणे, या गोष्टींची किंमत मी जाणतो. वाराई आणि हमाली, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, गिऱ्हाइकाने द्यायची, असे त्यांनी खरोखर लिहून दिले तर ते मोठेच पाऊल ठरेल, कारण ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ हे आपले जुने मागणे आहे. पण ज्या दोन दलालांनी तुला पहिल्या वर्षी माल दिला, त्यांच्याकडे जाणे बंद करू नकोस. करारात दुसऱ्याचे भाडे घेण्यास मनाई असलेले कलम आहे. कंपनीने काम न दिलेल्या दिवसांना ते लागू होणार नाही, अशी ओळ त्याखाली घालून घे.

उद्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन ते परिशिष्ट माग आणि पूर्ण परिशिष्ट हाती आल्याशिवाय सही करू नकोस. जमल्यास एक सकाळ कुपवाडच्या फाटकांवर काढ आणि तिथे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना किती तास झाले ते विचार. रविवारी दुपारी घरी ये. परिशिष्ट, आरसी पुस्तक, कर्जाचे कागद आणि गेल्या सहा महिन्यांची डिझेलची बिले बरोबर आण. आपण बसून एकेका कलमासमोर आकडा लिहू.

तुझा,
काका