तलावांचा जिल्हा नेमका कोणता, भंडारा की गोंदिया?

दोन्ही, ही ओळख जुन्या, एकत्र भंडारा जिल्ह्याची आहे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, तेव्हा तलाव वाटले गेले, बिरुद मात्र भंडाऱ्याच्या नावाला चिकटून राहिलं. सगळ्यात नावाजलेला नवेगावबांध आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, म्हणजे गोंदियात आला. म्हणून इकडच्या माणसाला भंडाऱ्याची पाटी वाचून राग येतो, आणि तो राग मला रास्त वाटतो. पण भंडाऱ्याचा दावाही खोटा नाही, साकोलीकडे शिवनीबांध आहेच. शिवाय हे तलाव जिल्हे बघून बांधलेले नाहीत. कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी मातीच्या पाळी, म्हणजे तलावाचे बांध, घातल्या, तेव्हा दोन्हींपैकी एकही जिल्हा नव्हता. आजही धान लोंबीवर असताना पावसानं दडी मारली, की पाळीखालच्या बांधीत (धानाच्या शेतात) पाटाचं पाणी पोचतं आणि पलीकडची बांधी भेगाळते.

बाकीची बिरुदं अशी:
- भंडारा: पितळी भांड्यांचं गाव. हे निर्विवाद.
- गोंदिया: राईस सिटी. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन असल्यानं राईस मिली तिथे वाढल्या.

एक मात्र लक्षात घ्या, ‘राईस सिटी’ म्हणजे धान फक्त गोंदियातच पिकतं असं नाही. भंडारा जिल्ह्यातलं तुमसर ही धानाची जुनी, मोठी बाजारपेठ आहे.