मराठीच्या तासाला गप्प बसणारी मुलगी

"मॅडम, घरी आमची कोकणी, शाळेत उर्दू, मकतबमध्ये अरबी, वर मराठी आणि इंग्रजी. पाच भाषा एवढ्याशा पोरीच्या डोक्यात मावायच्या कशा?" सनाच्या आईने खुर्चीवर बसताच विचारलेला हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या कामात मला दर वर्षी कोणी ना कोणी पालक विचारतात. शब्द बदलतात, काळजी तीच असते, आणि बहुतेक वेळा तिच्या मागे एखादे प्रगतिपुस्तक असते. सनाची गोष्ट तिच्या पालकांच्या परवानगीने लिहीत आहे. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सना पाचवीत होती. चौथीपर्यंत ती गावातल्या उर्दू शाळेत शिकली आणि त्या जूनपासून तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. दिवाळीपर्यंत तिची मराठीची वही लाल शाईने भरली. मराठीच्या तासाला ती तोंडच उघडत नाही, असा निरोप शाळेतून आला, आणि कोणीतरी "डोक्याने जरा मंद असेल" असेही म्हणून गेले. वडील आखातात नोकरीला होते. मकतब, म्हणजे कुरआन वाचायला शिकवणारा मशिदीजवळचा वर्ग, बंद करावे की मुलीला इंग्रजी शाळेत घालावे, यावर त्यांच्याशी रोज रात्री फोनवर बोलणे होत असे, आणि ते बोलणे सना पलीकडच्या खोलीतून ऐकत असे.

अशा वेळी मी मुलाच्या भाषा मोजत नाही. प्रत्येक भाषेत ते काय करू शकते, हे पाहते. सनाची दृष्टी आणि श्रवण तपासून घेतले, दोन्ही ठीक होते. उर्दूतली अनोळखी गोष्ट तिने वयाला शोभेल अशा वेगाने वाचली. तीच गोष्ट आजीला सांगतेस तशी सांग म्हटल्यावर तिने ती कोकणीत नीट क्रमाने आणि मधल्या संवादांसह सांगितली. भाषा शिकण्यातच मुळात दोष असेल, तर तो मुलाच्या एकाच भाषेत दिसत नाही, घरच्या भाषेतही दिसतो. म्हणूनच, ज्यांचे मूल घरच्या बोलीतही उशिरा बोलू लागले असेल, किंवा ज्याला साधी घटना क्रमाने सांगता येत नसेल, त्यांनी "भाषा जास्त झाल्या असतील" असे समजून थांबू नये, तपासणी करून घ्यावी. सनाच्या बाबतीत तसे काहीही नव्हते.

मग मी तिच्या मराठीच्या वहीकडे वळले. तिने पहिले पान उजवीकडून उघडले होते, उर्दूच्या वहीसारखे. "दिवस" ऐवजी "दवस" आणि "पुस्तक" ऐवजी "पसतक" असे लिहिलेले होते. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, वाचणारा ते संदर्भाने भरून घेतो. पाच वर्षे ही सवय लागलेल्या मुलीने देवनागरीतली वेलांटी आणि उकार गाळणे हा निष्काळजीपणा नाही, ती एका लिपीचा नियम दुसऱ्या लिपीला लावत आहे. "पाणी"चे "पानी" झाले होते, कारण "ण" आणि "ळ" यांच्यासाठी उर्दू लिपीत स्वतंत्र अक्षरे नाहीत. वहीतल्या चाळीस चुकांची मी वर्गवारी केली, तेव्हा त्या जेमतेम चार कारणांत बसल्या. चाळीस लाल खुणा पाहणाऱ्या मुलीला मात्र ती चार कारणे कोणीच सांगितली नव्हती.

तरीही लेखनातल्या चुकांवरून तिच्या गप्प बसण्याचा उलगडा होत नव्हता. त्याचा पहिला धागा मला मकतबमध्ये मिळाला. मशिदीला लागून असलेल्या ज्या वर्गात मुले शाळेच्या आधी किंवा नंतर तासभर कुरआन वाचायला शिकतात, ते मकतब. पूर्ण वेळ धार्मिक शिक्षण देणारा मदरसा वेगळा. (हा फरक बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. मुस्लिम समाजाच्या स्थितीवरच्या २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने तो स्पष्ट केला होता, आणि शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी शंभरात फार तर तीन-चार मुलेच मदरशात जातात, हेही दाखवले होते.) तिथे शिकवणाऱ्या उस्तादांची परवानगी घेऊन मी मागे बसले. सना उठून उभी राहिली आणि जिचा अर्थ तिला कळत नाही अशी अरबी तिने खणखणीत आवाजात वाचली. दोनदा अडखळली. उस्तादांनी कोणता उच्चार घशातून येतो ते स्वतः करून दाखवले, तिने तो पुन्हा केला, आणि पाळी पुढच्या मुलाकडे गेली. कोणीही हसले नाही. न समजणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचणारी ही मुलगी, समजणाऱ्या मराठीत तोंड उघडत नव्हती.

पुढच्या भेटीत आम्ही माशांची चित्रे घेऊन बसलो. बांगडा, सुरमई, तिसऱ्या, मोरी अशी नावे ती पटापट सांगत गेली. मी म्हटले, "ही सगळी मराठी नावे आहेत." तिने मान हलवली आणि म्हणाली, "नाही, ही आजीची भाषा आहे. मराठी पुस्तकात असते." हळूहळू बाकीचे बाहेर आले. जूनमध्ये मराठीच्या तासाला तिने एका प्रश्नाचे उत्तर घरच्या बोलीत दिले होते. सरांनी ते "अशुद्ध" म्हणून फळ्यावर लिहून दाखवले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून ती गप्प होती. कोकणी मुसलमानांची बोली मराठीच्या इतकी जवळची आहे, की या मुलीच्या हातात मराठीची किल्ली जन्मापासून होती, आणि तीच वर्गात तिच्या लाजेचे कारण झाली. हे लिहिताना आजही मला फार वाईट वाटते.

आईला मी कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांचे म्हणणे समजावून सांगितले. त्यांनी १९७९ पासूनच्या लेखनात मांडले, की एका भाषेत पक्की झालेली वाचनाची आणि विचार करण्याची क्षमता दुसऱ्या भाषेच्या कामी येते, मात्र त्यासाठी दुसरी भाषा पुरेशी कानावर पडावी लागते आणि मुलाला ती वापरावीशी वाटावी लागते. नव्या भाषेत रोजचे बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, पण त्या भाषेतून अभ्यास पेलायला पाच ते सात वर्षे लागतात, हेही त्यांनी दाखवले. त्यामुळे पाचवीच्या दिवाळीत निकाल लावून शाळा बदलणे म्हणजे पेरणीनंतर महिन्याने शेत विकणे होते. मकतब बंद करण्याची गरज नव्हती, आणि शाळा बदलूनही ती भीती सनाबरोबर नव्या वर्गात गेलीच असती.

उरला होता शाळेचा प्रश्न, आणि तो समुपदेशकाच्या खोलीत बसून सुटणारा नव्हता. मी मुख्याध्यापिकांना भेटले. त्या स्वतः उर्दू माध्यमात शिकलेल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी मान्य केले, की केंद्रप्रमुखांच्या बैठकीत मराठीत बोलायची वेळ आली की त्याही शक्यतो गप्प राहतात. मला त्यांच्या त्या प्रांजळपणाचा मोठा आधार वाटला. शिक्षण-संशोधक फिलिप हॅलिंजर आणि जोसेफ मर्फी यांनी १९८५ मध्ये मुख्याध्यापकाच्या शैक्षणिक कामाचे तीन भाग सांगितले : शाळेचे ध्येय ठरवणे, अध्यापनाची व्यवस्था पाहणे आणि शिकायला पोषक असे वातावरण तयार करणे. आपल्याकडे मुख्याध्यापकांचा दिवस शालेय पोषण आहाराच्या नोंदींत, ऑनलाइन माहिती भरण्यात आणि बैठकांत जातो, त्यामुळे तिसरा भाग कोणाच्याच वाट्याला येत नाही. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात असे दिसले, की प्रमुखाने शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणे, याचाच मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम होतो. शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवणे पुरेसे नाही, त्यांच्याबरोबर बसून शिकावे लागते.

मुख्याध्यापिकांनी यातून जे केले, ते मी सुचवलेले नव्हते. परिपाठात मराठी सुविचार रोज एखादा हुशार विद्यार्थी वाचत असे. तो त्या स्वतः वाचू लागल्या. एखाद्या शब्दावर अडल्या की सर्वांसमोर मराठीच्या सरांना विचारत आणि शब्द पुन्हा म्हणत. पहिल्या दिवशी मुले हसली. त्यांनी हसू दिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले. साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर हसणे थांबले, असे त्यांनी मला सांगितले. मराठीच्या सरांनाही त्यांनी बोल लावला नाही. सर दुसऱ्या भागातून बदलून आलेले होते, आणि या मुलांच्या घरी मराठीसारखे काही बोलले जात असेल, याची त्यांना कल्पनाच नव्हती. बाईंनी त्यांना दर शुक्रवारी एक तास "आजीचे शब्द" यासाठी दिला आणि त्या स्वतः मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या.

त्या तासांपैकी एक मी पाहिला. फळ्यावर तीन रकाने होते : घरची बोली, उर्दू आणि पुस्तकातली मराठी. मुले होडीचे, भाताचे, पावसाचे शब्द आणत होती. मग सरांनी कागद, शहर, हवा, अर्ज, तारीख, मदत हे शब्द लिहिले आणि ते कोणाचे, असे विचारले. अर्ध्या वर्गाने उर्दूचे म्हटले, अर्ध्याने मराठीचे. "खुर्ची" आली तेव्हा एका मुलाला कुरआनातली आयतुल कुर्सी ही आयत आठवली. सरांनी "कलम" या शब्दाचा मूळ अरबी अर्थ लेखणी असा सांगितला, आणि सनाने बसल्या जागेवरूनच, बऱ्यापैकी मोठ्याने, आमच्या दारात हापूसची सात कलमे आहेत असे सांगितले. जूननंतर त्या वर्गात तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो असा.

याच सुमारास मकतबच्या उस्तादांनी मुलांना कुरआनाच्या सूरह रूम या अध्यायातली बाविसावी आयत, म्हणजे वचन, समजावून सांगितली. आकाश-पृथ्वीची निर्मिती आणि माणसांच्या भाषांची व रंगांची विविधता या अल्लाहच्या निशाण्या आहेत, असा तिचा आशय आहे. सनाच्या आईवर माझ्या कोणत्याही संशोधनापेक्षा या आयतीचा परिणाम जास्त झाला, आणि मला त्याचा आनंदच झाला. इस्लामी शिक्षणात भाषेच्या वातावरणाचा विचार नवा नाही. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या गोंतोर येथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या निवासी संस्थेत विद्यार्थी रोजच्या बोलण्यात अरबी आणि इंग्रजीच वापरतात, त्यामुळे भाषा तासापुरती राहत नाही. मात्र तिथे भाषेचा नियम मोडणाऱ्याला शिस्तभंगाला तोंड द्यावे लागते, आणि तो भाग मी कोणत्याही शाळेला सुचवणार नाही. सनासारख्या मुलीचे तोंड त्याने बंदच झाले असते.

वार्षिक परीक्षेत सनाला मराठीत फार मोठे गुण मिळाले नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकते आणि जोडाक्षरांपुढे ती थबकते. सर आता वहीत चुकीच्या जागी लाल खूण करत नाहीत, समासात चुकीच्या प्रकाराचा क्रमांक लिहितात, आणि जागा तिने शोधायची असते. वडिलांचे मन इंग्रजी शाळेकडून पूर्णपणे वळलेले नाही. यावर घरात अजून बोलणे होते, पण आता सनालाही त्यात बसवून विचारले जाते.

एप्रिलमध्ये तिची आई धाकट्या मुलाच्या प्रवेशाबद्दल विचारायला आली. कोणते माध्यम चांगले, हा प्रश्न होता. दोन शाळा मनात होत्या. मी माध्यमाविषयी काही बोलले नाही. दोन्ही शाळांत परवानगी घेऊन भाषेच्या तासाला व्हरांड्यात पंधरा मिनिटे उभे राहावे, मुले किती वेळा बोलतात आणि चुकलेल्या मुलाचे पुढे काय होते ते पाहावे, आणि मुख्याध्यापक त्या वर्गाकडे शेवटचे कधी फिरकले होते ते विचारावे, एवढे सांगितले. आठ दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा एका चिठ्ठीवर दोन्ही शाळांची टिपणे होती. ती सनाने लिहून दिली होती, मराठीत.