'इनकॉम्पिटंट' लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा इंग्रजी अहवाल वाचला. मेहनत दिसते. पण एका सहकाऱ्याला तू 'इनकॉम्पिटंट' म्हटलंयस, ते खटकलं. पुढच्या ओळींत तक्रार एवढीच, की त्याने तक्ते उशिरा दिले.

या शब्दाला मराठीत अकार्यक्षम, असमर्थ, अक्षम, नालायक असे बरेच पर्याय सुचतात, आणि मग सगळे एकच वाटू लागतात. तसे ते नाहीत. काम होतं पण वेळ आणि साधनं वाया जातात, तेव्हा 'इनएफिशंट'. आत्ता, या परिस्थितीत जमत नाही, तेव्हा 'अनेबल'. तापाने फणफणलेला निष्णात सर्जनही शस्त्रक्रिया करायला 'अनेबल' असतो, पण त्याला कुणी 'इनकॉम्पिटंट' म्हणणार नाही. हा शब्द वापरलास की तू म्हणतोस, या कामाला लागणारं ज्ञान किंवा कौशल्यच या माणसाकडे नाही. केवढा मोठा आरोप आहे हा! उशिराने तो सिद्ध होत नाही.

'इनकेपेबल'ची गंमत निराळी. त्याच्यामागे 'ऑफ' येतं, आणि ते कौतुकही होऊ शकतं: 'शी इज इनकेपेबल ऑफ लाइंग', म्हणजे खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नाही. 'इनकॉम्पिटंट'ने असं कौतुक होत नाही. 'अनेबल'नंतर 'टू' आणि क्रियापद हवं. 'ॲन अनेबल टीचर' असं इंग्रजीत म्हणत नाहीत, 'ॲन इनकॉम्पिटंट टीचर' म्हणतात. उच्चारताना जोर 'कॉम'वर दे.

मूळ लॅटिन 'कॉम्पेटेरे'. त्यात जुळण्याचा, योग्य असण्याचा अर्थ आहे. कायद्याच्या भाषेत तो अजून टिकून आहे. अगदी लहान मूल साक्षीसाठी 'इनकॉम्पिटंट' ठरलं, तर त्यात त्याचा अपमान नसतो; साक्ष देण्याची पात्रता नाही, इतकंच. डॉक्टर हृदयाच्या झडपेला हेच विशेषण लावतात, कारण ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. भूशास्त्रात खडकाच्या मऊ थरालाही हा शब्द आहे, दाब आल्यावर जो आकार धरून ठेवत नाही. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो: नेमक्या कोणत्या कामासाठी अपुरा? तू माणसाबद्दल लिहितोस, तेव्हा तर तो आधी विचारायला हवा. अहवाल वर्षानुवर्षं फायलीत राहतो आणि तुझ्यानंतर येणारे त्या माणसाला त्या एका शब्दावरून ओळखतात. मला याचीच काळजी वाटते.

तेव्हा ते वाक्य काढ. कोणते तक्ते, कधी हवे होते, कधी मिळाले, त्याने काय अडलं, ते लिही. कौशल्य खरंच कमी आहे असं वाटत असेल, तर कोणतं ते नाव घेऊन लिही आणि त्याच्या चुकांचे नमुने जोड. बदललेलं पान पाठव, मी वाचतो.

तुझे,
सर