ऑसिलोस्कोपचा प्रोब १एक्सवर ठेवायचा की १०एक्सवर?

तुम्ही विचारलंय की नवीन १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या) प्रोबवरचा, म्हणजे सर्किटला टेकवायच्या टोकावरचा, १एक्स-१०एक्स स्विच कुठे ठेवू, आणि क्रिस्टलला (मायक्रोकंट्रोलरला क्लॉकचे ठोके देणाऱ्या भागाला) प्रोब लावला की बोर्ड बंद का पडतो.

स्विच १०एक्सवर ठेवा आणि वर सेलोटेप चिकटवून टाका. थट्टा नाही, माझ्या दोन्ही प्रोबना टेप लावलेली आहे.

१एक्सवर प्रोब म्हणजे जवळजवळ नुसती वायर. केबल आणि स्कोप मिळून साधारण १०० पिकोफॅरड तुमच्या सर्किटच्या गळ्यात पडतात, आणि बँडविड्थ ६ मेगाहर्ट्झच्या आसपास संपते. १०एक्सवर टोकाशी ९ मेगाओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये येतो, सिग्नलचा दहावा भाग होतो आणि कपॅसिटन्स १०-१५ पिकोफॅरडवर उतरते. स्कोपच्या चॅनल मेनूतही १०एक्स निवडा, नाहीतर ५ व्होल्टचे ०.५ दिसतील आणि तुम्ही धडधाकट आयसी बदलत बसाल.

तुमच्या क्रिस्टलचं दुखणं हेच. त्याच्या पायांशी असतात १५-२२ पिकोफॅरडचे कपॅसिटर; त्यात शंभरची भर पडली की तो चालणार कसा? ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळाचा क्रिस्टल तर कधी कधी १०एक्सवरही थांबतो. त्याला हात न लावता मायक्रोकंट्रोलरचा क्लॉक एखाद्या आउटपुट पिनवर काढा आणि तिथे मोजा. आणि १०एक्स प्रोबच्या ‘१० मेगाओहम’ (प्रोबचे ९ आणि स्कोपचा १) या आकड्यावर फार विसंबू नका. तो डीसीचा. १२ पिकोफॅरड १०० मेगाहर्ट्झला जेमतेम १३० ओहम होतात.

पण माझा सर्वात जास्त वेळ खाल्ला तो प्रोबच्या ग्राउंडच्या, मगरीच्या चिमट्याच्या काळ्या वायरने. एका बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटच्या) स्विचिंग नोडवर भयंकर रिंगिंग, म्हणजे सिग्नलच्या कडेनंतरची थरथर, दिसत होतं. दोन दिवस स्नबरच्या (रिंगिंग दाबणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या) व्हॅल्यू बदलत होतो. शेवटी चिमटा काढला, प्रोबची टोपी काढली, सोबत आलेली छोटी स्प्रिंग टोकाजवळच्या धातूच्या रिंगवर बसवली आणि शेजारच्याच ग्राउंडला टेकवली. निम्म्याहून जास्त रिंगिंग गायब! १५ सेंटीमीटर वायरचं इंडक्टन्स साधारण १५० नॅनोहेन्री. प्रोबच्या १२ पिकोफॅरडबरोबर ते ११५-१२० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतं. ती स्प्रिंग बहुतेक जण पिशवीतच ठेवून देतात.

नवा प्रोब किंवा नवा चॅनल असेल तर स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी वेव्हला लावून प्रोबचा स्क्रू फिरवा, वेव्हचा माथा सपाट आणि कोपरे काटकोनी होईपर्यंत. अर्ध्या मिनिटाचं काम.

एक मात्र जपा. तो काळा चिमटा स्कोपमधून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेला असतो. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडलेल्या, बाजूच्या ग्राउंडला लावलात तर ब्रिज रेक्टिफायर उडतो, मी उडवलाय. त्यावर काही जण स्कोपची अर्थ पिन काढून टाकतात. तसं अजिबात करू नका, मग स्कोपची बॉडीच जिवंत होते. २३० व्होल्टच्या मेन्सचा शिखर व्होल्टेज ३२५ आहे. तिथे डिफरन्शियल प्रोबच (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) हवा. महाग आहे, पण विकत घ्या किंवा कुणाचा तरी मागून आणा.

टेप काढायची वेळ एकच: पॉवर सप्लायचा रिपल, म्हणजे डीसीवरची बारीक लहर. काही मिलिव्होल्टच्या सिग्नलचा १०एक्सवर दहावा भाग होतो आणि तो स्कोपच्याच नॉइजमध्ये बुडतो. तेव्हा १एक्स, एसी कपलिंग (डीसी वगळून फक्त बदल दाखवणारं), २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू आणि ग्राउंडला तीच स्प्रिंग.