भाजी खाणारे माणूस मुलांना दिसते का?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दोघेही पालेभाजी, दुधी किंवा दोडक्याला हात लावत नाहीत. यजमान भाजी बाजूला सारून वरणभातावर शेव घेतात, त्यामुळे मुलगा लगेच ‘बाबा तरी कुठे खातात?’ असे विचारतो. सासूबाई त्याला टीव्हीसमोर बसवून भरवतात, तर मी ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ असे आमिष दाखवते. मला स्वतःला सर्व भाज्या आवडतात. मात्र सर्वांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर मी ओट्यापाशीच जेवून घेते. मुलांना चांगली सवय कशी लावावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे. घरात आवडीने भाजी खाणाऱ्या आपण एकट्याच आहात आणि नेमके आपले जेवण मुलांना कधी दिसत नाही. हार्पर व सँडर्स या संशोधकांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते, की मोठ्या माणसाने अनोळखी पदार्थ नुसता पुढे केला तर लहान मुले तो कमी वेळा तोंडात घालतात. तोच त्याने स्वतःही खाल्ला तर अधिक वेळा. म्हणून रात्रीच्या पोळ्या आधी करून डब्यात ठेवा आणि सर्वांबरोबर पान घेऊन बसा. तव्यावरची पोळी थेट पानात पडलीच पाहिजे हा आपल्याकडचा हट्ट घरातल्या बाईला पंगतीबाहेर ठेवतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

यजमानांना एका रात्रीत मेथी आवडू लागणार नाही आणि आवडल्याचे नाटकही त्यांनी करू नये, कारण मुलांना ते बरोबर कळते. त्यांनी चमचाभर भाजी घ्यावी, ती खावी आणि नाक मुरडू नये, एवढे पुरे आहे. शेवेचा डबा रोज जेवणाच्या वेळी समोर नको. मात्र तिच्यावर कायमची बंदीही घालू नका. डोळ्यांसमोर ठेवून नाकारलेल्या खाऊची ओढ वाढते. रविवारच्या पोह्यांवर ती सर्वांनी मिळून खावी.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नवा पदार्थ नाकारणे स्वाभाविक असते. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर आल्यावर मूल तो स्वीकारते. आपण मात्र दोन-तीनदा नकार मिळाला की ‘त्याला आवडत नाही’ असे ठरवून मोकळे होतो. पानात डावीकडे कोशिंबीर वाढतो तितकीच, म्हणजे चमचाभर दुधीची भाजी वाढा आणि ती उरली तरी काही बोलू नका. काय व केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. चॉकलेटचे आमिष मात्र आजपासून बंद करा, कारण त्यातून मुलाला एवढेच समजते की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस.

सासूबाईंच्या भरवण्यामागे नातवाच्या वजनाची काळजी असणार, त्यामुळे त्यांना दोष देण्याऐवजी त्यांच्याशी शांतपणे बोला. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. पुढे मात्र ते वर्षाला साधारण दोन किलोनेच वाढते, म्हणून चार वर्षांच्या मुलाची भूक एखाद्या दिवशी कमी असणे हे आजारपण नव्हे. टीव्हीसमोर घास आपोआप गिळले जातात आणि पोट भरल्याची जाणीव मागे पडते. आजींनी टीव्ही बंद करून त्याच्या शेजारी स्वतःचे ताट घेऊन बसावे. त्याचे हात त्याला माखू द्यावेत. जेवणाआधी दूध व बिस्किटे दिली जात असतील, तर तीही थांबवा.

मुलाचे वजन घटत असेल, घास गिळताना त्याला वारंवार ठसका लागत असेल किंवा मोजक्या चार-पाच पदार्थांपलीकडे तो काहीच खात नसेल, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.