दाबोळी की मोपा? तिकिटावर नीट बघून घ्या

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि आई नागपूरहून निघून दुपारी 12.10 ला गोव्यात मोपा एअरपोर्टला उतरतोय आणि पुढचं विमान गोव्यातल्याच दुसऱ्या एअरपोर्टवरून, दाबोळीहून 3.20 ला आहे, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलीत. एक साइट दोन्ही एअरपोर्टमधलं अंतर 40 किमी दाखवते, टॅक्सीवाला म्हणतो 60 च्या आसपास धरा. खरं काय? तीन तासांत जमेल ना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : खरं दोघांचंही आहे, पण तुमच्या कामाचा आकडा टॅक्सीवाल्याचा. 40 किमी हे सरळ रेषेतलं अंतर झालं. मोपा पार उत्तरेला पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ, आणि दाबोळी मुरगावात, मध्ये कोलवाळची नदी, मांडवी आणि झुआरी. झुआरीचं मुख इतकं रुंद आहे की रस्ता आधी आत आगशीपर्यंत जातो, पूल ओलांडून कुठ्ठाळीला उतरतो आणि मग परत समुद्राकडे वळतो, म्हणून किलोमीटर वाढतात. धारगळ, म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा अटल सेतू, बांबोळी असं करत रस्ता मोकळा असेल तरी दीड तास धराच, आणि पर्वरीला अडकलात तर दोन तासही जातात.

आता तुमचा हिशोब. 12.10 ला विमान टेकलं की बॅगा येईपर्यंत पाऊण तास आरामात जातो, एक वाजता टॅक्सीत बसलात तर दाबोळीला अडीच वाजणार, आणि चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी म्हणजे 2.20 लाच बंद होतो. म्हणजे सगळं वेळेवर होऊनसुद्धा विमान हुकतंय! तिकिटं वेगळी असल्याने बॅगही आपोआप पुढे जात नाही आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. आईंना बरोबर घेऊन अशी धावपळ करू नका हो, आजच फोन करून दुसरं तिकीट मोपाहून मिळतंय का विचारा, नाहीतर संध्याकाळचं किंवा दुसऱ्या दिवशीचं घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

हा घोळ खूप जणांचा होतो कारण साइटवर नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्ही एअरपोर्टची विमानं एकत्रच दिसतात. दाबोळी हा मुळात नेव्हीचा तळ, आयएनएस हंसा, तिथे प्रवासी विमानांना वेळेची बंधनं आहेत, आणि जानेवारी 2023 पासून मोपा सुरू झाल्यावर विमानं दोन्हीकडे वाटली गेली. तिकिटावरचा एअरपोर्टचा कोड बघायची सवय लावा, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.

प्रश्न : मुंबई-गोवा विमान हवेत जेमतेम 50-55 मिनिटं असतं, मग तिकिटावर सव्वा तास का लिहितात?

उत्तर : तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे पार्क होईपर्यंतची असते. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्हीवरून एकाच वेळी मोकळेपणाने विमानं सोडता येत नाहीत आणि उड्डाणाआधी रांगेत थांबावं लागतं, तो वेळ कंपन्या आधीच धरून ठेवतात. कुणाला घ्यायला एअरपोर्टवर जाणार असाल तर तिकिटावरची वेळ न बघता निघायच्या आधी फ्लाइट स्टेटस बघा.