वाचक विचारतात : बैठकीत धावतं, माजघरात रांगतं

प्रश्न : लष्कर भागात आमचं जुनं दगडी घर आहे. राउटर पुढच्या बैठकीत. तिथे इंटरनेट सुरळीत. माजघरात मात्र फोनवर दोन-तीन दांड्या दिसूनही व्हिडिओ अडकतो, रात्री ९ नंतर तर फारच. कंपनीचा माणूस मोठा प्लॅन घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : इतक्यात नको. दोष लाइनचा की वाय-फायचा, हे आधी ठरवा. रात्री ९ लाच लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, त्याचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड बघा. प्लॅनइतका वेग आला तर लाइन ठीक आहे. मोठा प्लॅन घेऊनही माजघरात फरक पडणार नाही. केबलवरही वेग पडला, तर आकडे आणि वेळ लिहून तक्रार करा.

आमचा संशय भिंतीवर आहे. राउटर सहसा दोन पट्ट्यांवर सिग्नल देतो. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण दीड-दोन फुटी दगडी भिंतीपलीकडे जेमतेम उरतो. २.४ गिगाहर्ट्झचा पलीकडे पोचतो, पण आळीतले सगळे राउटर तिथेच, आणि रात्री सगळे घरी. दांड्यांवर तर विसंबूच नका. राउटरचं फोनला किती ऐकू येतं, एवढंच त्या दाखवतात. फोनचा बारीक आवाज राउटरला ऐकू येतो की नाही, ते त्यांना ठाऊक नसतं.

राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर असेल तर हलवा. माजघराच्या दारासमोर, डोक्याच्या उंचीवर ठेवा. मग सेटिंग उघडायला ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, तळाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. २.४ चा चॅनल (पट्टीतली एक वाट) १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो घ्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ८ असा मधला चॅनल घेतला की दोन्हीकडची गर्दी अंगावर येते.

तरीही भागलं नाही तर माजघरात दुसरा राउटर, आणि तो केबलनेच. स्वस्त रिपीटर, म्हणजे वाय-फाय झेलून पुढे फेकणारा डबा, एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. अख्ख्या तांब्याची कॅट-६ केबल ओढा. सीसीए लिहिलेली नको, तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. जोडण्याआधी दुसऱ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला पत्ते वाटणारी सोय) बंद करा. केबल दोन्हीकडे लॅनच्या खाचेत, वॅनच्या (बाहेरची लाइन जोडायच्या) नव्हे. डीएचसीपी चालू राहिलं की काही फोन ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ म्हणत बसतात, आणि दोष उगाच कंपनीवर जातो. नव्या राउटरवर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर ही खटपट वाचते.

प्रश्न : लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

उत्तर : इन्व्हर्टर वीज बदलायला क्षणभर घेतो, तेवढ्यात राउटर मान टाकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडची कळ असेल तर ती लावून बघा. नाहीतर राउटरचा छोटा यूपीएस घ्या. व्होल्ट ॲडॉप्टरवर छापलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी अर्ध्या अँपिअरचा ॲडॉप्टर लावला, तर लाइट असतानाही राउटर असाच पडतो. फायबरची वायर ज्यात येते तो डबा राउटरहून वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस हवा.

प्रश्न : फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लाल आहे. रीसेट करू का?

उत्तर : अजिबात नाही! तो दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नाही. सुई खुपसून रीसेट केलंत, तर कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाईल. हिरवा कनेक्टर नीट बसलाय का, वायर खिळ्यापाशी किंवा खिडकीच्या फटीत मुडपलीय का, तेवढं बघा आणि तक्रार नोंदवा. कनेक्टर काढलाच तर त्याच्या तोंडात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.